ईसॉपची किंमत 'पाच दिवसांच्या क्लोजिंगची सरासरी', पण नक्की कुठले पाच दिवस?

प्राची_पावस (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी, शेअरच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, एरवी मी आंबा-काजूच्या धाग्यांवरच असते त्यामुळे चुकीच्या ठिकाणी टाकलं असेल तर मॉडरेटरने हलवावं.

मी जहाजांच्या लोडिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे. ऑफिस पुण्याला, मी पावसहून घरून काम करते (लाईट असली तर). आमची पेरेंट कंपनी हाँगकाँगच्या एक्स्चेंजवर लिस्टेड आहे आणि यंदा आमच्यापैकी काही जणांना पहिल्यांदाच ईसॉप (कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क, म्हणजे ऑप्शन) दिलेत, मला ४००० ऑप्शन. लेटर हातात आलं जूनमध्ये पण त्यात ग्रांट डेट (ऑप्शन दिल्याची तारीख) ७ मे २०२५ आहे आणि एक्सरसाइज प्राइस, म्हणजे ज्या किमतीला शेअर घेता येईल ती, लिहिलीय ४२.४० हाँगकाँग डॉलर. खाली बारीक अक्षरात असं आहे की ही किंमत म्हणजे ग्रांट डेटचा क्लोजिंग भाव, ग्रांट डेटच्या लगेच आधीच्या पाच बिझनेस डेजच्या क्लोजिंग भावांची सरासरी, आणि शेअरची दर्शनी किंमत, या तिघांत जी सगळ्यात जास्त असेल ती.

दर्शनी किंमत तर काही सेंट आहे, ती सोडा. ७ मे चा क्लोज होता ३९.८०. मग सरासरीच लावली असणार म्हणून मी एका साइटवरून भाव काढले:

७ मे – ३९.८०
६ मे – ४१.२५
२ मे – ४२.२०
३० एप्रिल – ४२.६०
२९ एप्रिल – ४२.८५

याची सरासरी येते ४१.७४. लेटरमध्ये ४२.४०. मधले ६६ सेंट कुठून आले? ऐकायला किरकोळ वाटतं पण ४००० ने गुणलं की २६४० डॉलर, आणि डॉलर (तिकडचा) ११ रुपयांच्या आसपास धरला तर २९ हजार होतात. एचआरला तिकीट टाकलंय, त्यांचं उत्तर "चेक करून कळवतो", त्यालाही आता बरेच दिवस झाले.

दुसरं म्हणजे पुढे टॅक्स लागेल तो याच सरासरीवर लागणार की वेगळा काही हिशेब असतो? ऑफिसमधले दोघं तिघं दोन तीन वेगवेगळी उत्तरं देतायत.

---

बाबू_गुहागर

तुम्ही ७ मे धरलाच कशाला? "ग्रांट डेटच्या आधीचे" म्हटलंय ना, म्हणजे ७ तारीख बाहेर. ६ पासून मागे मोजा. ६ मंगळवार, ५ सोमवार, २ शुक्रवार, १ गुरुवार, ३० बुधवार, झाले पाच. १ आणि ५ ला भाव दिसत नाही तर आदल्या दिवशीचा धरायचा, म्हणजे ४२.६०, ४२.६०, ४२.२०, ४२.२०, ४१.२५. भागिले पाच, ४२.१७. तरी पण ४२.४० नाहीच येत. कंपनीने टोपी घातलीय असं दिसतंय, सोडू नका त्यांना 😄

---

सीए_चिपळूण

बाबूशेठ, टोपीबिपी काही नाही, ४२.४० बरोबर आहे. प्राचीताई, शांतपणे वाचा, जरा लांब होईल.

पहिलं, ही पाच दिवसांची भानगड तुमच्या कंपनीने स्वतःच्या मनाने काढलेली नाही. हाँगकाँग एक्स्चेंजच्या लिस्टिंग रूल्सचा सतरावा चॅप्टर शेअर स्कीमवर आहे, त्यात १७.०३ई म्हणून नियम आहे, की एक्सरसाइज प्राइस किमान दोन आकड्यांपैकी जास्त असलेल्या आकड्याइतकी हवीच: एक म्हणजे ग्रांटच्या तारखेचा क्लोजिंग भाव आणि दुसरा म्हणजे त्या तारखेच्या लगेच आधीच्या पाच बिझनेस डेजची सरासरी क्लोजिंग किंमत. दर्शनी किमतीचं तिसरं कलम स्कीममध्ये बहुतेक ठिकाणी जोडलेलं असतं पण त्याचा प्रत्यक्ष उपयोग जवळपास कधीच होत नाही.

आता 'बिझनेस डे' म्हणजे काय ते. बँका चालू असतात तो दिवस नाही, आपल्या पुण्याच्या ऑफिसला सुट्टी नसते तो दिवसही नाही. ज्या दिवशी तिकडच्या एक्स्चेंजवर शेअरची खरेदी-विक्री चालू असते तो दिवस. त्यामुळे १ मे बाहेर, कामगार दिन, तिकडे सुट्टी (इकडे महाराष्ट्र दिन, आपलंही मार्केट बंदच होतं). आणि ५ मे पण बाहेर कारण त्या सोमवारी हाँगकाँगात बुद्धजयंती होती. इथे आपली माणसं फसतात कारण आपली बुद्धपौर्णिमा १२ मे ला होती, ५ तारखेला मुंबईत शेअर बाजार रोजच्यासारखा सुरू होता, त्यामुळे डोक्यातच येत नाही की तिकडे बंद असेल.

सुट्टीच्या दिवशी आदल्या दिवसाचा भाव घुसवायचा नसतो बाबूशेठ, तो दिवसच मोजायचा नाही, आणखी एक दिवस मागे जायचं. म्हणजे पाच दिवस हे:

६ मे – ४१.२५
२ मे – ४२.२०
३० एप्रिल – ४२.६०
२९ एप्रिल – ४२.८५
२८ एप्रिल – ?

२८ चा भाव ताईंनी दिलेला नाही. पण उलटा हिशेब करा. ४२.४० गुणिले पाच म्हणजे २१२. वरच्या चारांची बेरीज १६८.९०. उरले ४३.१०. ताई, २८ एप्रिलचा क्लोज ४३.१० आहे का बघा. असेल तर विषय संपला.

---

प्राची_पावस

आत्ताच बघितलं. ४३.१०!! तंतोतंत. एचआरपेक्षा तुम्ही लवकर सांगितलंत 🙏

पण मग एक कळत नाही, ज्या दिवशी दिले त्या दिवशी बाजारात ३९.८० ला मिळत होता आणि मला म्हणे बक्षीस म्हणून ४२.४० ला. हा कसला नियम, जास्त असेल तोच घ्यायचा म्हणजे कर्मचाऱ्याचं कायमच नुकसान ना?

---

वेंगुर्ल्याचो_बंड्या

अगो बाय माका पण ह्याच इचारूचा होता. कंपनी तुका फुकट देता की इकत देता ता आधी सांग. ४२.४० मोजून घेवचो तर मी थेट बाजारातसून ३९.८० नी घेतलंय नसतंय काय? हेच्यात फायदो खंयचो? माजो झील मुंबैक अशाच एका कंपनीत आसा, तेका पण असलाच कायतरी कागद दिल्यानी, तो खूश, आणि मी बसलंय डोक्याक हात लावून.

---

सीए_चिपळूण

बंड्याभाऊ, प्रश्न चांगला आहे. आत्ता काहीच मोजायचं नाहीये. हा हक्क आहे, सक्ती नाही. लेटरमध्ये बहुतेक असं असेल की एक हाँगकाँग डॉलर भरून ग्रांट स्वीकारायची (प्राचीताई, असतं तसं, बघा), तेवढाच खर्च. पुढे भाव ६० झाला तर ४२.४० ला घ्या, ३० झाला तर घेऊ नका, कागद कपाटात राहू दे. हाँगकाँगच्या नियमात ऑप्शनची मुदत ग्रांटपासून जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येते, तुमच्या स्कीममध्ये कमीही असेल, ते वाचून घ्या. आणि २०२३ च्या जानेवारीपासून तिकडे किमान बारा महिने व्हेस्टिंग लागतं, म्हणजे ऑप्शन वापरण्याआधी तेवढं थांबावं लागतं (काही अपवाद सोडून), म्हणजे २०२६ च्या मे आधी तसंही काही करता येणार नाही.

आता जास्त असेल ती किंमत का, तर हा नियम कर्मचाऱ्यासाठी नाहीच मुळी, तो बाकीच्या शेअरहोल्डरांसाठी आहे. समजा चार सख्ख्या भावांची आंब्याची सामाईक कलमं आहेत आणि थोरल्याने ठरवलं की आपल्या मुलाला पेट्या 'बाजारभावाने' द्यायच्या, पण कुठल्या दिवसाचा बाजारभाव ते मुलानेच सांगायचं. तो वाशीला गाड्यांची रांग लागून भाव पडलेला दिवसच सांगणार ना? मग बाकीचे तीन भाऊ म्हणणार की बाबा आठवडाभराची सरासरी काढ आणि आजचा भाव बघ, दोन्हीत जास्त असेल तो लाव. तेवढंच आहे हे.

आणि हे नुसतं संशयापोटी नाही. अमेरिकेत एरिक ली नावाच्या प्राध्यापकाने २००५ मध्ये पेपर छापला होता, मोठ्या अधिकाऱ्यांना ऑप्शन दिल्याच्या तारखा तपासल्या तर भाव त्या तारखेपर्यंत पडत आलेले आणि तिथून बरोबर वर गेलेले. इतकं अचूक कुणाला जमतं? मागे वळून बघून तारीख टाकली तरच जमतं. २००६ मध्ये त्यावरून तिकडे चौकश्यांचा धुरळा उडाला, ऑप्शन बॅकडेटिंग म्हणून शोधा, भरपूर सापडेल. हाँगकाँगात त्याला आणखी एक खुंटी आहे, कंपनीकडे भाव हलवणारी आतली बातमी असेल तर ती जाहीर होईपर्यंत ग्रांटच देता येत नाही.

अमेरिकेतही सरासरी चालते पण वेगळ्या तऱ्हेने. त्यांच्या टॅक्सच्या ४०९ए च्या नियमांत लिस्टेड शेअरसाठी ग्रांटच्या दिवसाचा किंवा आदल्या दिवसाचा क्लोज चालतो, दिवसाच्या हाय आणि लोची सरासरी चालते, नाहीतर ग्रांटच्या आधीच्या किंवा नंतरच्या ३० दिवसांच्या आतल्या एखाद्या कालावधीची सरासरी. मात्र सरासरी घ्यायची तर कुणाला, किती शेअर आणि कुठल्या कालावधीची सरासरी हे तो कालावधी सुरू व्हायच्या *आधी* पक्कं करायचं, मागाहून बदल नाही. तर प्राचीताई तुमच्या टीममध्ये कुणी आधी अमेरिकन कंपनीत असेल आणि "आमच्याकडे असं नव्हतं" म्हणत असेल तर तो त्याच्या जागी बरोबर आहे.

---

दापोलीकर_आजोबा

बँकेतून रिटायर झालो, आता सुपारी आणि शेअर हे दोनच उद्योग, म्हणून लिहितो. सगळे क्लोजिंग क्लोजिंग म्हणतायत पण क्लोजिंग भाव म्हणजे दिवसाचा शेवटचा सौदा असं बऱ्याच जणांना वाटतं तसं नसतं. आपल्या एनएसईवर दुपारी ३ ते ३:३० या शेवटच्या अर्ध्या तासात झालेल्या सगळ्या सौद्यांची, किती शेअर किती भावाने गेले त्या वजनाने काढलेली सरासरी म्हणजे क्लोज, असंच आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो. त्या अर्ध्या तासात एकही सौदा झाला नाही तर मग शेवटचा सौदा धरतात. म्हणून साडेतीनला टीव्हीवर एक आकडा दिसतो आणि संध्याकाळी भावकॉपीत (एक्स्चेंजची दिवसाच्या भावांची यादी) दुसरा. हाँगकाँगला बाजार संपल्यावर क्लोजिंग ऑक्शन होतं, सगळ्यांच्या ऑर्डरी एकत्र करून एकच भाव ठरतो. म्हणजे प्राचीची जी पाच दिवसांची सरासरी आहे त्यातला प्रत्येक आकडा आधीच एका प्रक्रियेतून आलेला आहे, कुणीतरी चार वाजता शंभर शेअर घेऊन भाव खेचला असं सहज होत नाही. त्या पाचांची मात्र साधी सरासरी, बेरीज भागिले पाच, वजनबिजन काही नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची, तू भाव कुठल्या साइटवरून घेतलेस ग? फुकटच्या साइटवर 'क्लोज' आणि 'अ‍ॅडजस्टेड क्लोज' असे दोन कॉलम असतात. अ‍ॅडजस्टेडमध्ये नंतर दिलेला डिव्हिडंड मागच्या भावातून वजा करून दाखवतात, चार्ट सलग दिसावा म्हणून. आज तुझं ४२.४० जुळलं पण उद्या कंपनीने डिव्हिडंड दिला आणि तू त्याच साइटवर जाऊन बघितलंस तर हेच पाच भाव कमी दिसतील आणि पुन्हा वाटेल फसवलं. लिस्टिंगच्या नियमात स्पष्ट आहे की क्लोजिंग भाव एक्स्चेंजच्या डेली कोटेशन शीटमधला धरायचा. ती शीट एक्स्चेंजच्या साइटवर असते, त्या पाच दिवसांच्या आत्ताच उतरवून ठेव.

---

नीलेश_अलिबाग

मी वाचत होतो, आता माझा घोळ वाढला 😅 माझी कंपनी इथलीच, एनएसई बीएसई दोन्हीकडे लिस्टेड. माझ्या लेटरमध्ये पाच दिवसांची सरासरी वगैरे काही नाही, "मार्केट प्राइस" म्हणून ग्रांटच्या आदल्या दिवसाचा क्लोज आणि त्यावर डिस्काउंट. आणि मागच्या वर्षी शेअर घेतले तेव्हा टॅक्सला भलतीच किंमत लावली जी कुठल्याच दिवसाच्या क्लोजशी जुळत नाही. ती कुठली सरासरी?

---

सीए_चिपळूण

नीलेश, तुझे दोन वेगळे प्रसंग आहेत आणि लोक नेमके हेच एकात एक मिसळतात, प्राचीताईंचा दुसरा प्रश्नही हाच होता.

कंपनी तुला ऑप्शन कितीला देणार हा एक प्रसंग. तिथे आपल्याकडे सेबीचे २०२१ चे शेअर बेस्ड एम्प्लॉई बेनिफिटचे नियम. त्यांत एक्सरसाइज प्राइस ठरवायची मोकळीक कंपनीला आहे, हिशेबाच्या पद्धती पाळल्या म्हणजे झालं. म्हणून आपल्याकडे दर्शनी किमतीला, म्हणजे एक-दोन रुपयाला, ऑप्शन देणाऱ्या कंपन्याही आहेत. हाँगकाँगात ते चालणार नाही. आणि 'मार्केट प्राइस'ची व्याख्या सेबीच्या नियमात एकाच दिवसाची आहे: संबंधित तारखेच्या आदल्या दिवशीचा, म्हणजे उपलब्ध असलेला सगळ्यात अलीकडचा क्लोज. दोन एक्स्चेंजवर लिस्टेड असेल तर जिथे उलाढाल जास्त तिथला. सरासरी नाहीच.

तू ऑप्शन वापरून शेअर घेतोस तेव्हा तुला किती फायदा झाला हे सरकार ठरवतं तो दुसरा प्रसंग. तू शेअर घेतलेस तेव्हा तिथे १९६२ च्या आयकर नियमांतला नियम ३, पोटनियम ८ लागू होता. लिस्टेड शेअरची वाजवी बाजारकिंमत म्हणजे एक्सरसाइजच्या, म्हणजे ऑप्शन वापरल्याच्या, *त्याच दिवशीच्या* ओपनिंग आणि क्लोजिंग भावाची सरासरी. हाय-लो नाही, पाच दिवस नाही. उघडला किती, बंद झाला किती, भागिले दोन. इथेही दोन एक्स्चेंज असतील तर ज्यावर त्या शेअरचा व्हॉल्यूम जास्त ते. त्या दिवशी सौदेच झाले नसतील तर आधीच्या सगळ्यात जवळच्या दिवसाचा क्लोज.

उदाहरणाला, तू ऑप्शन वापरलेस त्या दिवशी ६१२ ला उघडला, ६२८ ला बंद. सरासरी ६२०. तुझी एक्सरसाइज प्राइस ४००. फरक २२०, तो पगारासारखा धरला जातो, कंपनी टीडीएस कापते. ५०० शेअर असतील तर १,१०,००० रुपये पगारात वाढले, शेअर विकलेला नसला तरी. म्हणून तुला क्लोजशी जुळेना. आणि पुढे विकशील तेव्हा खरेदीची किंमत ४०० नाही, ६२० धरायची, नाहीतर एकाच फायद्यावर दोनदा टॅक्स भरशील. महिन्याभराने ६०५ ला विकलास तर कागदोपत्री १५ रुपयांचा तोटा आहे, तो दाखव, कितीतरी लोक दाखवत नाहीत.

---

नीलेश_अलिबाग

अरे देवा, मी ४०० च धरले होते. रिव्हाइज्ड रिटर्नची मुदत बघतो लगेच.

---

प्राची_पावस

मग माझं टॅक्सचं पण असंच ना? वापरेन त्या दिवशीचा हाँगकाँगचा ओपन अधिक क्लोज भागिले दोन?

---

सीए_चिपळूण

तसं वाटतं खरं पण नाही, आणि ही गंमत पुष्कळ कंपन्यांच्या पेरोलवाल्यांनाही माहीत नसते. ओपन-क्लोजची सरासरी फक्त 'मान्यताप्राप्त स्टॉक एक्स्चेंज'वर लिस्टेड शेअरला, आणि मान्यताप्राप्त म्हणजे आपल्या १९५६ च्या सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायद्याखाली मान्यता असलेला. हाँगकाँगचं एक्स्चेंज कितीही मोठं असलं तरी या व्याख्येत बसत नाही. म्हणजे आपल्या टॅक्सच्या नजरेत तुमचा शेअर अनलिस्टेड! मग किंमत मर्चंट बँकरने (शेअरचं मूल्य काढून देणारी व्यावसायिक संस्था) काढून द्यायची, आणि ते व्हॅल्युएशन तुम्ही ऑप्शन वापरता त्या दिवसाचं किंवा त्याआधीच्या १८० दिवसांच्या आतल्या तारखेचं हवं. रोज खुल्या बाजारात भाव फुटणारा शेअर आणि त्याला सर्टिफिकेट मर्चंट बँकरचं. विचित्र आहे, पण नियम तसा आहे.

त्यामुळे तुम्ही वापराल तेव्हा समजा बाजारात ५५ चालू आहे आणि कंपनीने टॅक्सला ५३ धरले किंवा ५७ धरले तर लगेच तिकीट टाकू नका, आधी विचारा की व्हॅल्युएशन कुठल्या तारखेचं आहे. ४२.४० तोपर्यंत बदलत नाही (मधे शेअर स्प्लिट किंवा बोनस आला तर प्रमाणात बदलेल, तेवढंच).

आणखी दोन गोष्टी, मग थांबतो, बाहेर क्लायंट बसलेत. शेअर खरोखर तुमच्या नावावर आले की रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचं, विकलेले नसले तरी, आणि त्यात आर्थिक वर्ष नाही तर जानेवारी ते डिसेंबर असं कॅलेंडर वर्ष धरायचं. हे राहिलं तर दंड फार मोठा लागू शकतो, ४००० शेअरच्या फायद्याच्या मानाने तर फारच. आणि परदेशी लिस्टेड शेअर लाँग टर्म व्हायला १२ नाही, २४ महिन्यांहून जास्त लागतात, मोजायला सुरुवात अलॉटमेंटपासून (शेअर नावावर होतात तो दिवस), ग्रांटपासून नाही.

---

बाबू_गुहागर

मी आपला एक्सेलमध्ये फॉर्म्युला टाकून बसलो होतो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी शून्य टाकलं तर सरासरी एकदम २५ वर आली, रिकामं ठेवलं तर बरोबर येते, हे काय गौडबंगाल?

---

दापोलीकर_आजोबा

एक्सेलचं अ‍ॅव्हरेज रिकामा चौकोन मोजत नाही पण शून्य मोजतं. आणि रिकामं ठेवून पाच ओळी घेतल्यास तर भाव तीनच राहतात, तो भागिले तीन करतो आणि तुला वाटतं जमलं, खरं तर पाच दिवसांची सरासरी नाहीच ती. त्यापेक्षा वर्कडे नावाचं फंक्शन आहे, त्यात ग्रांटची तारीख, उणे पाच, आणि हाँगकाँगच्या सुट्ट्यांची यादी दिलीस की तो थेट २८ एप्रिलवर नेऊन सोडतो. सुट्ट्यांची यादी दिली नाहीस तर फक्त शनिवार-रविवार गाळतो आणि ३० एप्रिलला थांबतो, म्हणजे तुझंच ४२.१७ चं गणित.

यादी मात्र त्या वर्षीची घे. तिकडे पूर्वी मोठं वादळ आलं, आठ नंबरचा सिग्नल लागला, की बाजारच बंद ठेवायचे, तो दिवस यादीत छापलेला नसायचा. २३ सप्टेंबर २०२४ पासून वादळातही सौदे चालू ठेवतात. म्हणजे जुनी ग्रांट असेल तर वादळाचा दिवस गाळायचा, नवी असेल तर मोजायचा. आमच्याकडे निसर्ग आलं ३ जून २०२० ला, घरावरची कौलं गेली, पोफळी आडव्या झाल्या, लाईट किती आठवडे नव्हती ते विचारू नकोस, आणि मुंबईचा शेअर बाजार त्या दिवशी नेहमीसारखा चालू होता. ट्रान्झिस्टरवर ऐकलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

---

वेंगुर्ल्याचो_बंड्या

आजोबानू तौक्तेच्या टायमाक आमच्याकडे पण तीच गत. बरा, झिलाक ह्या सगळा वाचूक पाठवलंय. तो म्हणता तेच्या कागदार ग्रांट डेट एक आणि सहीची तारीख दुसरी, मदी तीन आठवड्याचो फरक, आणि त्या तीन आठवड्यात भाव चढलो. तर खंयची तारीख धरूची?

---

सीए_चिपळूण

ग्रांट डेट. ज्या दिवशी बोर्डाने किंवा त्यांच्या कमिटीने ठराव करून दिले तो दिवस. तुमच्या मुलाने सही कधी केली, कुरियर कधी पोचलं, याचा किमतीशी संबंध नाही, स्वीकारायची मुदत उलटली नाही म्हणजे झालं. मधे भाव चढला असेल तर त्याच्या फायद्याचंच आहे ते, वाद घालू नका म्हणावं. मात्र कंपनी इथली लिस्टेड आहे, अनलिस्टेड आहे की बाहेरची ते विचारून घ्या, त्यावर बाकी सगळं बदलेल.

---

प्राची_पावस

एचआरचं उत्तर आलं शेवटी, एका ओळीचं, "किंमत स्कीमच्या नियमाप्रमाणे आहे". बाकी काही नाही. तुमच्यामुळे मला आधीच कळलं होतं म्हणून चिडचिड झाली नाही. पण ऑफिसच्या ग्रुपवर बाकीच्यांना पटवायचंय, माझं एक्सेल बघून कुणी विश्वास ठेवणार नाही, काही अधिकृत कागद मिळेल का की ज्यात ४२.४० आणि ३९.८० दोन्ही छापलेत?

---

सीए_चिपळूण

मिळेल. हाँगकाँगात लिस्टेड कंपनीने ऑप्शन दिले की एक्स्चेंजवर जाहीर करावं लागतं. एक्स्चेंजच्या बातम्यांच्या साइटवर, एचकेईएक्सन्यूज, कंपनीचा स्टॉक कोड टाका, ७ मे २०२५ च्या आसपासच्या घोषणा बघा, 'ग्रांट ऑफ शेअर ऑप्शन्स' असं काहीतरी शीर्षक असेल. त्यात ग्रांट डेट, किती ऑप्शन, एक्सरसाइज प्राइस आणि त्या दिवशीचा बाजारभाव, सगळं असतं. किंमत तीन आकड्यांतून कशी निवडली तेही बहुतेक कंपन्या तिथेच लिहितात. ती पीडीएफ ग्रुपवर टाका.

---

प्राची_पावस

सापडली! दुसऱ्याच पानावर तिन्ही आकडे आहेत, ३९.८०, ४२.४० आणि दर्शनी किंमत. टाकली ग्रुपवर. आता तिथे नवीन भांडण सुरू झालंय की एक डॉलर कुणाच्या कार्डावरून भरायचा 😂

---

बाबू_गुहागर

माझ्याकडून भरा, अकरा रुपये, पेट्यांच्या हिशेबात वळते करू.